धावण्यातली चिकाटी उपासनेला खरोखर काही शिकवते का?

परळचा धावक

सर्वांना नमस्कार. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत, म्हणजे 42.195 किलोमीटर, प्रथमच धावण्याचा माझा विचार आहे. पहाटे परळहून निघून वरळी सी फेसमार्गे हाजीअलीपर्यंत जाऊन परत यायचे, असा माझा नेहमीचा रस्ता आहे. पावसाळ्यात सराव बरा चालला होता. ऑक्टोबर लागल्यापासून मात्र तेच अंतर धावताना धाप लागते, घरी पोहोचेपर्यंत बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात आणि लागणारा वेळ दर आठवड्याला थोडा वाढतच जातो.

प्रश्न धावण्यापुरता असता तर इथे विचारला नसता. आमच्या घरी रोज संध्याकाळी नामस्मरण होते आणि मी लहानपणापासून त्यात बसतो. परंतु गेले काही महिने तेही कोरडे झाले आहे, ओठ हलत राहतात आणि मन दुसऱ्या दिवशीच्या लोकलच्या गर्दीत असते. बरोबर धावणारे सांगतात की विश्वास ठेव, होईल. घरातली मोठी माणसेही नेमके हेच सांगतात. पण विश्वास ठेवायचा तो कशावर? शर्यत पूर्ण होईल यावर ठेवायचा तर त्याला आज काहीच आधार दिसत नाही. धावण्यातून उपासनेविषयी खरोखर काही शिकता येते, की दोन्हीकडे कंटाळा आला म्हणून मी उगाच सांगड घालतो आहे? उजव्या नडगीतही अधूनमधून दुखते, पण ते चालायचेच.

शिवाजी पार्क कट्टा

आधी ऑक्टोबरचा हिशेब मांडतो, कारण तो न कळल्यामुळे पुष्कळ नवखे याच महिन्यात सराव सोडतात. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीराला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, स्नायूंच्या वाट्याला ते कमी येते आणि पूर्वीच्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. एवढ्यावरून तुमचा सराव वाया गेला असे ठरत नाही. स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार होणे, पेशींमधल्या तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया) वाढणे, ही कामे आठवड्या-महिन्यांच्या गतीने चालतात आणि रोजच्या घड्याळात दिसत नाहीत.

विश्वास ठेवायचाच असेल तर तो या न दिसणाऱ्या कामावर ठेवावा, असे माझे मत आहे. निकालावर ठेवलेला विश्वास पहिल्याच वाईट रविवारी डळमळतो. थंडी पडेपर्यंत घड्याळ घरी ठेवा आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. उपासनेतले मला कळत नाही, त्यावर जाणकारांनी बोलावे.

माळकरी

मी जाणकार नाही आणि धावतही नाही. आषाढीची वारी मात्र चालतो. त्यामुळे वरच्या उत्तरातला एक धागा मला अपुरा वाटतो. शर्यतीत अंतर आपले, वेळ आपली आणि पदकही आपलेच असते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर चालताना तसे काही उरत नाही, कारण दिंड्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि पायांत कितीही जोर असला तरी पुढच्या दिंडीला मागे टाकून जाता येत नाही.

पुणे ते सासवड हा वाटेतला मोठा दमवणारा टप्पा आहे आणि त्यातच दिवे घाटाचा चढ आहे. तिथे पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. प्रत्यक्ष माउलींच्या रथाला चढावर मदत घेण्यात कमीपणा वाटत नाही, हे पाहिल्यापासून ‘माझ्या बळावर करून दाखवीन’ या भाषेची मला थोडी गंमत वाटते. शर्यतीच्या उत्तरार्धात पेडर रोडच्या चढाने भल्याभल्यांचे पाय गळतात, असे ऐकतो. तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे पुढे करतात. ती जरूर घ्या.

कोरडेपणाचे म्हणाल, तर दिंडीतही दुपारी तो येतो. नामाला चव नसते, पण शेजारचा टाळ वाजवीत असतो म्हणून आपलाही ठेका चुकत नाही. मन लोकलमध्ये असतानाही तुम्ही घरच्यांच्या ओळीत जाऊन बसता, याला मी श्रद्धाच म्हणेन.

वांद्रेकर

चिकाटीचे कौतुक सगळेच करतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर शर्यतीत उतरला नाही, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार हा त्याच्या श्रद्धेनुसार प्रभूचा दिवस होता. पुढे त्याने 400 मीटर शर्यत 47.6 सेकंदांत जिंकली, नंतर मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला. (आपली मॅरेथॉनही रविवारीच असते, तेव्हा तो इथेही धावला नसता.) लोकांना सुवर्णपदक आठवते, पण त्याची श्रद्धा ज्या शर्यतीत तो उतरला नाही तिथे जास्त स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

म्हणून ‘नडगी दुखते, पण ते चालायचेच’ हे वाक्य मला खटकले. दुखणे दडपण्याला चिकाटी म्हटले की मग त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

परळचा धावक

तिघांचे आभार. टाळाचा मुद्दा मनाला पटला, कारण एकट्याने बसून पाहिले तेव्हा माझ्याने पाच मिनिटेही बसवले नव्हते. घड्याळ उद्यापासून कपाटात जाईल. फक्त या रविवारी ठरलेली लांब धाव घ्यावी की नाही, एवढे कोणी सांगेल का? गटातल्या सगळ्यांना मी येतो म्हणून सांगून बसलो आहे.

शिवाजी पार्क कट्टा

नडगीकडे माझे लक्ष गेले नव्हते, वांद्रेकरांनी बरे दाखवले. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, हाडांना आणि कंडरांना (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) जास्त वेळ लागतो, त्यामुळे दम असूनही पाय दुखू शकतात. नडगीच्या हाडावरून बोटाने दाबत खाली या. दुखणे लांबवर पसरलेले असेल तर बहुधा विश्रांतीने आणि अंतर कमी केल्याने उतरते. एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, किंवा बसल्या जागी आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता धरून धावणे आजच थांबवा आणि अस्थितज्ज्ञांना दाखवा. रविवारी गटात या, पण पाणी वाटायला.