लेक्चर्स पाहतोय, आता रोबोट कोणता घ्यावा? (बजेट सात हजार)

गिअर_आणि_गणित:
मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टॅनफर्डच्या उसामा खातिब यांची २००८ ची लेक्चर्स पाहतोय, फॉरवर्ड कायनेमॅटिक्स (आर्मच्या सांध्यांच्या कोनांवरून टोकाची जागा काढणं) वहीत सुटतं. आता खरा रोबोट हवा. सर्व्होंचा (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरींचा) ॲक्रिलिक आर्म घ्यावा की चारचाकी किट? चाकांचा घेतला तर ही लेक्चर्स वाया जातील का? सी येतं, पायथन जेमतेम.

खडू_डस्टर:
स्वस्त आर्मच्या नादी लागू नका. साध्या हॉबी सर्व्होला तुम्ही कोन सांगता, पण तो खरंच कुठे पोचला हे तो परत कळवत नाही. शिवाय खांद्याच्या गिअरमध्ये एका अंशाचा प्ले (ढिलेपणा) असला तरी २५ सेंटिमीटरवरचं टोक चार मिलिमीटरहून जास्त हलतं. मग चूक गणितात आहे की प्लास्टिकच्या दात्यांत, हे शोधायचं कसं?

दोन चाकं आणि एक कॅस्टर (मोकळं फिरणारं टेकूचं चाक) एवढंच घ्या. चारचाकी वळताना चाकं बाजूला घासत जातात आणि ती घसरण एन्कोडरला (चाकाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) दिसत नाही. सोबत मॅग्नस एगरस्टेट यांनी जॉर्जिया टेकमध्ये असताना दिलेली ‘कंट्रोल ऑफ मोबाइल रोबोट्स’ ही लेक्चर्स पाहा. युनिसायकल मॉडेल (रोबोट म्हणजे जणू एकच चाक, असं धरून केलेलं गणित) आणि पीआयडी (हवा तो वेग आणि खरा वेग यांतल्या फरकावरून मोटरचा जोर ठरवणं) त्यात अगदी पायापासून येतं. पुढे नॉर्थवेस्टर्नच्या केव्हिन लिंच यांची ‘मॉडर्न रोबोटिक्स’ची लेक्चर्स, चाकांच्या रोबोटचं प्रकरण तेरावं. खातिब वाया जात नाहीत. फ्रेम (अक्षांची चौकट) आणि रोटेशन मॅट्रिक्स इथेही तेच.

सोल्डरचा_धूर:
वरच्याशी सहमत, पण सगळा खेळ एन्कोडरचा आहे. स्वस्त किटमधल्या पिवळ्या बीओ मोटर टाळा. त्यांच्यासोबत मिळणारी २० खाचांची चकती, चाक सेकंदाला एक फेरा मारत असेल तर, सेकंदाला २० पल्स देते. कंट्रोल लूप (वेग मोजून मोटरचा जोर सुधारण्याची एक फेरी) २० मिलिसेकंदांचा धरला तर एका लूपमध्ये अर्धासुद्धा पल्स येत नाही. म्हणजे वेग बहुतेक वेळा शून्य दिसणार आणि मध्येच एकदम अडीचपट. असल्या आकड्यांवर पीआयडी लावून काहीच शिकता येत नाही. त्यात एकच सेन्सर असल्याने दिशाही कळत नाही.

हॉल (चुंबकीय) एन्कोडरवाली एन२० मोटर घ्या, ६ व्होल्ट, १:५० गिअर. मोटरच्या फेऱ्याला ७ पल्स असतील तर ए आणि बी या दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा (पल्सचे चढ आणि उतार) धरून २८, गुणिले ५० म्हणजे चाकाच्या फेऱ्याला १४०० काउंट. त्याच वेगाला लूपमागे २८ मिळतात. छापील गिअर रेशोवर मात्र विसंबू नका. चाकावर मार्करने खूण करा, मोटर हळू चालवून दहा फेरे मोजा आणि काउंटला दहाने भागा. चाक हाताने पिळू नका, दाते जातात.

मोटरला वीज देणारा ड्रायव्हर टीबी६६१२. एल२९८ स्वस्त दिसतो, पण त्यातच दोनेक व्होल्ट खर्ची पडतात. दोन १८६५० सेल सिरीजमध्ये भरले की ८.४ व्होल्ट होतात, म्हणून पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा जोर ठरवणं) ७० टक्क्यांवर रोखा. ईएसपी३२ ला (कोड चालवणाऱ्या बोर्डाला) वेगळ्या बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने) ५ व्होल्ट द्या आणि ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेवा. नाहीतर मोटर सुरू होताना बोर्ड रीसेट होत राहील. एन्कोडर ३.३ व्होल्टवर चालवा. ईएसपी३२ च्या पिन ३४ ते ३९ ला आतला पुल-अप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) नसतो, तिथे एन्कोडर जोडलात आणि त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर (पिन फक्त लोकडे ओढणारं) असेल तर बाहेरून १० किलोओहम लावा. पिन १२ रिकामी सोडा. बूट होताना ती हाय राहिली तर बोर्ड उठत नाही.

गिअर_आणि_गणित:
ब्रेडबोर्डवर जोडणी केली. पीआयडी सुरू करताच उजवं चाक सुसाट सुटतं, डावं ठीक आहे.

सोल्डरचा_धूर:
उजवी मोटर आरशासारखी उलटी बसते, त्यामुळे तिचे काउंट उणे येत असणार. कंट्रोलरला वाटतं वेग कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोर देतो. पीआयडी बंद करा, रोबोट डब्यावर ठेवून चाकं अधांतरी धरा, दोन्हींना ३० टक्के पीडब्ल्यूएम द्या. दोन्ही चाकं पुढे फिरताना दोन्ही काउंट वाढले पाहिजेत. उजवे कमी होत असतील तर त्या एन्कोडरच्या ए-बी तारांची अदलाबदल करा.

खडू_डस्टर:
ते जमलं की चौरसाची चाचणी. मिशिगन विद्यापीठात बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात ती आखली: ४ मीटरचा चौरस, पाच वेळा घड्याळाच्या दिशेने, पाच वेळा उलट. खोलीत २ मीटरही पुरे. एकाच दिशेने चालवाल तर चाकांच्या व्यासातला फरक आणि चाकांमधल्या अंतराची चूक एकमेकींना झाकू शकतात, म्हणून दोन्ही दिशा हव्यातच.

त्याआधी चाकांमधलं अंतर रोबोट जागेवर फिरवून काढा. ओडोमेट्रीने (काउंटवरून काढलेल्या हालचालीच्या हिशेबाने) ३६०० अंश म्हटलं आणि रोबोट प्रत्यक्षात ३६९० फिरला, तर आधी धरलेलं अंतर, समजा १२० मिलिमीटर, गुणिले ३६०० भागिले ३६९०, म्हणजे ११७.१. पट्टीने मोजलेला आकडा इथे चालत नाही, कारण रबरी टायर नेमका कुठे टेकतो ते पट्टीला दिसत नाही. टाइल्सवर केलेलं कॅलिब्रेशन सतरंजीवर परत करावं लागेल.