टॅबवर गणित सोडवताना चुकलेली ओळ पुसू द्यावी का?

प्रश्न (नववीतील मुलीची आई)
माझी मुलगी सेमी इंग्रजीत शिकते आणि दिवाळीपासून बीजगणिताचा सराव टॅबवर स्टायलसने लिहून करते. ती मन लावून लिहिते, परंतु चुकलेली ओळ क्षणात पुसते, त्यामुळे ती नेमकी कुठे अडली हे संध्याकाळी मला कळत नाही. शिवाय बरोबरचे चिन्ह काढताच उत्तर दाखवण्याची सोयही त्यात आहे. पुन्हा वहीकडे वळावे का?

उत्तर १ (निवृत्त गणित शिक्षक)
ताई, टॅब काढून घेऊ नका. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टंकलेखनापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडणी अधिक व्यापक असल्याचे त्यात आढळले, आणि ते लेखन कागदावर नव्हे, तर स्पर्शपडद्यावर डिजिटल पेनने केलेले होते. तेथे शब्द लिहिले होते, गणिते नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. तरीही अपूर्णांकाची रेघ, घातांक किंवा वर्गमुळाचे चिन्ह यांचा अर्थ त्यांच्या जागेवरून ठरतो, आणि ती जागा हातालाच सहज सापडते.

खोडरबर मात्र बंद करावा. समजा, ३x − ७ = ११ हे समीकरण आहे आणि तिने पुढे ३x = ११ − ७ असे लिहिले. ही ओळ पुसली, तर आपल्याला केवळ x = ६ हे बरोबर उत्तर दिसेल; एका रेघेने खोडली, तर पक्षांतर करताना चिन्ह बदलायचे राहते हे तिलाही दिसेल आणि आपल्यालाही. मी वर्गात खाडाखोड असलेली वही नेहमी आधी तपासत असे.

उत्तर २ (संगणक अभियंता)
आयपॅडवर ही उत्तराची सोय २०२४ मधील आयपॅडओएस १८ पासून आली. नोट्समध्ये ती बंद करता येते, आणि सरावाच्या वेळी ती बंदच असावी. मराठी माध्यमातील पालकांसाठी एक अडचण नोंदवतो. माझा पाचवीतील भाचा देवनागरी अंक लिहितो, तेव्हा त्याच्या टॅबवरील अक्षरओळख १ ला इंग्रजी नऊ, ७ ला सहा आणि ४ ला आठ समजते. मूल बरोबर असताना यंत्र त्याला चूक ठरवते, हे मला फार खटकते. म्हणून आम्ही त्याला ओळख बंद ठेवून साध्या पानावरच लिहायला देतो.

उत्तर ३ (प्राथमिक शिक्षिका)
लहान मुलांना चौकटीचे पान निवडून द्यावे आणि पडदा लहानमोठा करू देऊ नये. भागाकारात एकं-दहंचे स्तंभ सरकले, की हातचा भलत्याच घरात जातो.

प्रश्नकर्ती
सर, आजपासून खोडलेली ओळ तशीच ठेवायची, असे आमचे ठरले आहे. बोर्डाची परीक्षा कागदावर असल्याने रविवारची सराव प्रश्नपत्रिका ती वहीतच सोडवेल.