जुना मुंबई-पुणे रस्ता: वारसा म्हणून जपायचा की नुसता वापरायचा?

घाटवेडा
एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला आणि बोरघाटातला अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. १८३०चा पूल! त्याच वर्षी १० नोव्हेंबरला गव्हर्नर जॉन माल्कम यांनी हा घाटरस्ता खुला केला. चाकाच्या गाड्या सर्रास घाट चढू लागल्या त्या इथूनच. घाटातली रेल्वे १८६३ची. पुढे हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४ झाला, चेन्नईपर्यंतचा. २००२ला द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि आपण याच्याकडे पाठ फिरवली. माझं म्हणणं आहे, पनवेल ते देहूरोड या पट्ट्याला वारसा मार्गाचा दर्जा द्या. पूल गेला, निदान जुन्या दगडी मोऱ्या, कठडे, वळणं तरी वाचवा.

मालवाहू
पूल पाडला ते योग्यच झालं. वर्षानुवर्षं माल घेऊन घाट चढतोय. पुलाचे खांब रस्त्यातच, तेही वळणावर आणि चढावर. मार्गिका तिथे आक्रसायची, पुढची गाडी थांबली की लोड गाडी पुन्हा उचलताना क्लच जळायचा. मागून भोंगे. त्यात रुग्णवाहिका अडकलेली असायची. आणि द्रुतगती मार्गाआधीचा घाट आठवतो का? बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतत उभ्या असलेल्या एसट्यांची रांग लागायची. तुम्हाला त्या रस्त्याचा इतिहास दिसतो, आम्हाला तिथे गेलेले तास दिसतात.

चौककर
दोघेही हा रस्ता जणू मागे पडला असं बोलताय, म्हणून लिहितोय. द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला बंदी आहे. चौक, खालापूर, खोपोली, कामशेत, वडगाव इथल्या माणसाला बाजाराला, कॉलेजला, दवाखान्यात जायला हाच रस्ता. पावसाळ्यात कडेला पाणी तुंबतं, खड्डा दिसत नाही, बाजूने कंटेनर सुसाट जातो. आधी गटारं काढा, साइडपट्ट्या भरा, गावाच्या फाट्यांवर दिवे लावा. दर्जाचं नंतर बघू. उद्या ‘वारसा आहे’ म्हणून साधी मोरी रुंद करायलाही परवानगीचे हेलपाटे घालायला लावले तर आम्ही कुठे जायचं?

घाटवेडा
चौककर, गटारं-दिव्यांना माझा विरोध असण्याचं कारणच नाही. उलट दर्जा मिळाला तर रस्त्याला कुणीतरी वाली मिळेल, स्वतंत्र निधी मागता येईल. मालवाहू, खांबांची अडचण मान्य आहे. पण पाडण्याआधी त्या कमानींचे दगड क्रमांक घालून उतरवून दुसरीकडे उभे करण्याचा पर्याय होता. शिंग्रोबाच्या मंदिरापाशी आजही ड्रायव्हर हात जोडून नाणं टाकतात. इंग्रजांना घाटातून रेल्वेची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. हे सगळं जपणारी माणसं रस्ता वापरणारीच आहेत ना?

मालवाहू
शिंग्रोबाला मीही थांबतो, त्याला कुणाच्या दर्जाची गरज लागली नाही. एकोणीसाव्या शतकातल्या पुलाचा दगड न दगड उतरवायचा म्हणजे घाट किती दिवस बंद ठेवणार होतात? ते नाही सांगितलंत. घाटात काही अंतर जुना आणि नवा रस्ता एकच होतो, खरा जीव तिथे गुदमरतो. तोच तुकडा टाळायला खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंकचे, म्हणजे द्रुतगती मार्गाच्या नव्या जोडरस्त्याचे, बोगदे खोदलेत. पैसा अशा ठिकाणीच जायला हवा.

चौककर
मग माझं ऐका. मिसिंग लिंकने घाटातला भार कमी होणार असेल तर जड वाहनं तिकडे वळवा आणि जुन्या घाटात दुचाकी, एसटी आणि स्थानिक गाड्यांना जागा द्या. घाटवेडा, तुमच्या मोऱ्या-कठड्यांनाही धक्के कमी बसतील. पण निवेदन लिहिणार असाल तर पहिला मुद्दा खालापूर-खोपोली पट्ट्यातल्या गटारांचा घ्या. तसं असेल तर गावातल्या सह्या मी आणतो.