आधी काय, ठोके बिघडणं की हृदय थकणं?

हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडल्यामुळे, ठोके अनियमित होतात की उलट, असा प्रश्न पडतो. दोन्ही होतं, आणि एक दुसऱ्याला ओढत नेतं.

हृदय नीट रिकामं झालं नाही की मागे दाब साठतो, वरचे कप्पे ताणले जातात, त्यांच्या भिंतीत चिवट तंतू वाढतात. तिथेच एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे वरच्या कप्प्यांचा ताल पार बिघडण्याच्या आजाराचं, फावतं. मग ते कप्पे मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरतात. एरवी त्यांचा शेवटचा दाब खालच्या कप्प्यात साधारण 20 टक्के रक्त ढकलतो. ते थांबलं की आधीच थकलेल्या माणसाला दोन जिने चढणंही जड जातं.

उलट बाजूही आहे. नाडी आठवडेच्या आठवडे 130-140 वर धावत राहिली, तर धडधाकट हृदयही ढेपाळतं. पण वेग आवरला किंवा ताल परत आणला की ते पुष्कळदा सावरतं, म्हणून हे वेळीच ओळखायला हवं.

आमच्या घरी बीपीचं मशीन दरवेळी वेगळाच आकडा दाखवायचं, आम्ही मशीनला दोष देत बसलो! मनगटावर पूर्ण मिनिटभर बोटं ठेवली तेव्हा कळलं, ठोक्यांना तालच नव्हता. ईसीजीत तेच निघालं. रक्त पातळ करायची गोळी लगेच सुरू झाली, कारण थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.