मदत हवी आहे: गाडी फक्त ‘टक’ करते, स्टार्टर फिरत नाही

फोंड्याला असतो. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. पाऊस लागल्यापासून रोग सुरू झाला. चावी फिरवली की बॉनेटखालून एकच जोरदार ‘टक’, पुढे शांतता. कधी चौथ्या-पाचव्या वेळी लागते, आता तेही नाही.

बॅटरीवर शंका घेऊ नका: बंद गाडीला 12.6 व्होल्ट, चावी धरून ठेवली तरी 12.3 च्या खाली येत नाही, हेडलाइट मंदावत नाहीत. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा थर गरम पाण्याने धुऊन घट्ट केले. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडूनही तेच. उतारावर ढकलून सेकंड गिअरला मात्र लगेच लागते, त्यामुळे पेट्रोल-प्लगचा प्रश्न नसावा. फ्यूज ठीक आहेत.

मेकॅनिक म्हणतो, पूर्ण स्टार्टर बदला. मला ती घाई वाटते, कारण इंजिनाची अर्थिंगची पट्टी बरीच गंजली आहे. इथल्या दमट हवेत ते नवल नाही.

चवथीला गावी जायचंय आणि हाताशी फक्त मल्टिमीटर आहे. स्टार्टर न उतरवता दोष सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) आतल्या कॉन्टॅक्टचा की अर्थिंगचा, हे ओळखायला मीटरच्या वायरी नेमक्या कुठे लावू? आणि फक्त कॉन्टॅक्ट बदलून देणारा ऑटो इलेक्ट्रिशियन फोंडा-पणजीकडे कुणाच्या माहितीत आहे का?