मदत हवी आहे: 'ग्रेव्हन' म्हणजे कोरलेले, मग कबरेशी काय संबंध?

मंडळी, एका जुन्या इंग्रजी प्रवचनाचं मराठी करतोय. दुसऱ्याच पानावर 'ग्रेव्हन इमेज' आडवं आलं. 'ग्रेव्ह' म्हणजे कबर एवढंच ठाऊक, त्यामुळे मी बिनधास्त 'कबरेतली मूर्ती' लिहून मोकळा झालो. शेजारच्या काकूंना वाचायला दिलं तर त्या पोट धरून हसल्या. "अरे, बायबलमधल्या दहा आज्ञांमधलं आहे ते. कोरीव मूर्ती!"

अर्थ कळला, पण डोक्यातून जात नाही. 'ग्रेव्हन' आणि कबरवाला 'ग्रेव्ह' एकाच घरातले का? आणि 'परिस्थिती ग्रेव्ह आहे' म्हणतात तो कुठला? कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १
काकूंना नमस्कार सांगा. पण तुम्हीही अगदीच चुकला नाहीत. जुन्या इंग्रजीत 'ग्राफान' असं क्रियापद होतं. अर्थ दोन: खणणे आणि कोरणे. खणलेला खड्डा तो 'ग्रेव्ह', कोरलेलं ते 'ग्रेव्हन'. जर्मनमध्ये 'ग्राबेन' म्हणजे आजही खणणेच.
आपलं 'खोदणे' बघा ना. विहीरही खोदतो आणि ताम्रपटावर अक्षरंही खोदतो. हत्यार बदलतं, क्रिया तीच.
गंभीर या अर्थाचा 'ग्रेव्ह' मात्र परका. तो लॅटिन 'ग्राविस'वरून, म्हणजे जड, फ्रेंचमार्गे आला. स्पेलिंग सारखं, बाकी नातं शून्य.

प्रतिसाद २
थोडी भर. 1611 च्या किंग जेम्स बायबलमुळे (बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर) 'ग्रेव्हन' हा शब्द टिकला, नाहीतर त्याच अर्थाच्या 'एन्ग्रेव्ह'ने त्याला कधीच गिळला असता. मूळ हिब्रूत तिथे 'पेसेल' आहे, म्हणजे छिन्नीने तासून घडवलेलं.
आणि गंमत म्हणजे ग्रीक 'ग्राफेइन' (लिहिणे, ओरखडणे, फोटोग्राफमधला 'ग्राफ' तोच) दिसायला 'ग्रेव्हन'चा सख्खा भाऊ वाटतो, पण भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं 'कार्व्ह'शी (कोरणे) लावतात. 'कार्व्ह' जुन्या इंग्रजीत 'चेओर्फान' होता. कानावर विश्वास ठेवून व्युत्पत्ती लावू नये ती यासाठीच.

धागाकर्ता
दोघांचे आभार! 'खोदणे' वाचल्यावर लख्ख प्रकाश पडला. कबरेची चूक दुरुस्त केली.
आता पुढची अडचण. त्याच प्रवचनात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन आहे: देव म्हणतो, मी तुला माझ्या तळहातांवर 'ग्रेव्हन' केलं आहे. 'खोदलं' लिहिलं की विहीर आठवते, 'कोरलं' लिहिलं की लाकूड. आजीच्या हातावरचं हिरवं गोंदण डोळ्यांपुढे आलं म्हणून 'गोंदलं' लिहून पाहिलं. ऐकायला गोड, पण त्यात छिन्नी कुठेच नाही. तुम्ही काय लिहिलं असतंत?

प्रतिसाद १
'कोरलं'च ठेवा. मनावर कोरलं म्हणतो तेव्हा कुणाला लाकूड आठवतं?