शब्दचर्चा : अहवालात नमुना ‘जुळतो’, म्हणजे नेमके काय?

प्रश्न : न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या एका इंग्रजी अहवालाचे भाषांतर करताना मी ‘मॅच’साठी सरसकट ‘जुळतो’ असे लिहिले. तज्ज्ञाला नेहमी तेवढेच म्हणायचे असते का?

प्रतिसाद : नाही, आणि हा प्रश्न कोणाच्या तरी जन्मठेपेशी निगडित असल्यामुळे येथे सैलपणा नको. पत्रिका जुळते तेव्हा छत्तीसपैकी अठरा गुण पुरतात. हिशेब जुळतो तेव्हा एका पैशाचा फरकही खपत नाही. तज्ज्ञाने पत्रिकेच्या अर्थाने लिहिलेले ‘जुळतो’ वाचणारा हिशेबाच्या अर्थाने घेतो, ही खरी अडचण आहे. समजा, मुद्देमालातील चाकूवर ‘बी’ गटाचे मानवी रक्त आढळले आणि मृताचा गटही ‘बी’ आहे, असे सी. ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) सांगतो. हा गट आपल्या देशात साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाचा असल्याने, ते रक्त मृताचे असणे ‘वगळता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ होतो; ‘रक्त जुळले’ हे वाक्य मात्र त्याच्या फार पुढे जाते.

अमेरिकेत हेच केसांच्या बाबतीत घडले. सूक्ष्मदर्शकाखालील केसांच्या तुलनेवरील जुन्या साक्षी तपासल्यावर, त्यांतील किमान 90 टक्के खटल्यांच्या नोंदींत आपल्या तज्ज्ञांची विधाने चुकीची होती, असे एफबीआयने 2015 मध्ये मान्य केले. तिथल्यासारखी निकाल देणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी आपल्याकडे राहिलेली नाही. पण तज्ज्ञाच्या म्हणण्यासाठी कायद्याचा शब्द येथेही ‘मत’ हाच आहे, 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 45 मध्ये आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्येही. तज्ज्ञाचा पुरावा सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो आणि न्यायाधीशाला स्वतंत्र मत बनवता यावे म्हणून त्याने शास्त्रीय निकष पुरवायचे असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये जयलाल खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून वृत्तपत्रांतील ‘तज्ज्ञांनी निर्वाळा दिला’ ही शब्दयोजना मला चुकीची वाटते. तेथे ‘अभिप्राय’ हवा. आपल्या भाषांतरात प्रसंगानुसार ‘वगळता येत नाही’, ‘मिळताजुळता आहे’ किंवा ‘एकाच उगमाचा आहे’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग ठेवावेत.

आणखी एक प्रतिसाद : यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीचीही भर घालावीशी वाटते. कोयता दाखवून विचारल्यावर ते म्हणतात, ‘ही जखम याने होऊ शकते.’ मराठी टिपणात त्याचे ‘याने झाली असावी’ झालेले मी वाचले आहे. ‘होऊ शकते’ दुसऱ्या कोयत्यालाही तितकेच लागू पडते; ‘असावी’ मात्र याच कोयत्याकडे बोट दाखवते.